नाईलच्या आलेखात उतरती रेघ आली म्हणजे हवामानबदल झाला का?

रेघोट्या (सोमवार, रात्री १०:४२)

संख्याशास्त्राचा ऑनलाइन कोर्स करतेय. सॉफ्टवेअरसोबत सरावासाठी जे तयार विदासंच (डेटासेट) येतात, त्यात नाईल नदीचा एक आहे. इजिप्तमध्ये अस्वानला १८७१ ते १९७० या काळात दरवर्षी किती पाणी वाहिलं, त्याचे १०० आकडे. सरळ रेघ मारायला सांगितली तर ती मस्त उतरतेय. दरवर्षी साधारण पाव घन किलोमीटर, म्हणजे शंभर वर्षांत २७ घन किलोमीटर पाणी गायब! पी-व्हॅल्यू (पाणी घटत नसताना नुसत्या योगायोगाने असा उतार दिसण्याची शक्यता) इतकी चिमुकली आहे की शून्यच म्हणा.

मी खूश होऊन "हवामानबदलाचा पुरावा" असं शीर्षक देऊन टाकलं. मग वाटलं, आधी इथे विचारावं. नद्यांचं पाणी दीर्घकाळात घटतंय की वाढतंय, हे असं एका रेघेत कळतं का? जाणकारांनी झोडलं तरी चालेल.

प्रवाहपतित (सोमवार, रात्री ११:१५)

झोडत नाही, पण शीर्षक आधी पुसा :)

तुमच्या आलेखावरची रेघ काढून टाका आणि नुसते ठिपके बघा. १८९८ चा आकडा ११० घन किलोमीटर, १८९९ चा ७७.४. तिथे एक पायरी आहे. १८७१ ते १८९८ ची सरासरी काढा, साधारण ११० येईल. १८९९ ते १९७० ची काढा, ८५ येईल. दोन्ही तुकड्यांत वेगवेगळी रेघ मारून बघा, उतार जवळजवळ सपाट होतो. नदी शंभर वर्षं हळूहळू आटत नव्हती. एका वर्षी ती एक पायरी उतरली आणि खालच्याच मजल्यावर राहिली. पायरीवर फळी टेकवली की घसरगुंडी दिसणारच.

हा संच सरावाला देतात तो याचसाठी. सगळेच पहिल्यांदा फसतात, मीही फसलो होतो.

पाणकावळा (सोमवार, रात्री ११:३१)

यात कसलं गूढ? अस्वानचं पहिलं धरण त्याच सुमाराला बांधायला घेतलं. पाणी अडवलं, खाली कमी आलं. विषय संपला. हवामान बिचारं उगाच बदनाम.

प्रवाहपतित (सोमवार, रात्री ११:५०)

@पाणकावळा, तारीख जुळते, हिशोब जुळत नाही. ते धरण १९०२ ला पुरं झालं आणि तेव्हा त्याची साठवण होती जेमतेम एक घन किलोमीटर. शिवाय तो साठा पुराच्या शेवटी भरायचा आणि उन्हाळ्यात खाली सोडायचा. घट आहे वर्षाला २५ घन किलोमीटरची, तीही सलग सत्तर वर्षं. लोटीत विहीर कशी मावेल? त्यात १८९९ साली तर धरणाचं काम नुकतंच सुरू झालं होतं.

त्याच सुमाराला उष्ण कटिबंधात इतरत्रही पाऊस घटल्याच्या नोंदी आहेत. आणि नाईलच्या पाण्याचा सुमारे ८५ टक्के हिस्सा इथिओपियाच्या डोंगरांवरून येतो. तिथला पाऊस हलला की अस्वान हललं.

म्हणजे हा हवामानातला बदल होता असं मानायला जागा आहे. फक्त आपण आज ज्याला हवामानबदल म्हणतो, तो माणसाने केलेला, तो हा नव्हे. १८९९ मध्ये त्याला तेवढा जोर नव्हता.

जलमापक (मंगळवार, सकाळी ६:२०)

आकड्यांवर भांडण्याआधी आकडा येतो कुठून ते सांगतो. उमेदीची बरीच वर्षं नदी मोजण्यात गेली.

विसर्ग, म्हणजे सेकंदाला वाहून जाणारं पाणी, सहसा रोज मोजत नाहीत. रोज मोजतात ती पातळी. काठावर रंगवलेली मोजपट्टी असते, सकाळी आठला वाचायची, पुरात दर तासाला. वर्षातून काही वेळा नावेतून किंवा तारेच्या पाळण्यातून नदी आडवी कापायची, ठरावीक अंतरावर थांबायचं, खोली घ्यायची, पृष्ठभागापासून खोलीच्या ०.६ अंतरावर प्रवाहमापक सोडायचा आणि चक्राचे फेरे मोजून वेग काढायचा. रुंदी, खोली आणि वेग यांचा गुणाकार, पट्टे पट्टे करून. असे पन्नाससाठ ठिपके जमले की पातळी आणि विसर्ग यांची वक्ररेषा बसवतात. पुढची सगळी वर्षं पातळी वाचायची आणि त्या रेषेवरून विसर्ग लिहायचा.

आता गंमत. मोठ्या पुरात तो पाळणा कोणी सोडत नाही. वाहत आलेलं झाड तारेला अडकलं तर पाळणा, यंत्र आणि माणूस तिन्ही जातात. तेव्हा तरंगतं काहीतरी टाकायचं आणि घड्याळ लावायचं, किंवा वक्ररेषा पट्टीने वर लांबवायची. वहीत "महत्तम विसर्ग" म्हणून जे आकडे दिसतात, त्यातले किती खरे मोजलेले आणि किती पट्टीचे, हे वही लिहिणाऱ्यालाच ठाऊक. त्यात पुरानंतर तळ खरवडला जातो किंवा गाळाने भरतो. पातळी तीच, पाणी वेगळं. वक्ररेषा नव्याने बसवली नाही, तर विदेत पायरी तयार होते आणि नदीला त्याचा पत्ताही नसतो.

म्हणून कुठेही पायरी दिसली की माझा पहिला प्रश्न: त्या वर्षी मोजपट्टी हलवली होती का?

रेघोट्या (मंगळवार, सकाळी ९:०५)

बापरे. जलमापक काका, मी तर आकडा म्हणजे आकडा असं समजत होते. ०.६ च का पण?

जलमापक (मंगळवार, सकाळी ९:४०)

तळाशी पाणी घासतं म्हणून हळू, वर मोकळं म्हणून जोरात. सरासरी वेग साधारण त्या खोलीवर सापडतो. खोल पाण्यात ०.२ आणि ०.८ असे दोन वाचून मध्य काढतात. हल्ली ध्वनिलहरींनी मोजणारी यंत्रं आली आहेत, नाव एकदा आडवी नेली की काम झालं. पाठीचं दुखणं वाचलं.

अंकगणिती (मंगळवार, दुपारी १:१२)

पी-व्हॅल्यूबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो.

ती चिमुकली पी-व्हॅल्यू एक गोष्ट गृहीत धरते: हे १०० आकडे म्हणजे १०० स्वतंत्र साक्षीदार आहेत. नदीचे आकडे तसे नसतात. ते एकमेकांचं ऐकून साक्ष देतात. यंदा जमिनीत पाणी मुरलेलं असेल, भूजल वर असेल, तर पुढच्या वर्षी तेवढ्याच पावसात पाणी जास्त येतं. ओली वर्षं घोळक्याने येतात, कोरडीही. त्यामुळे १०० आकड्यांतली खरी माहिती कदाचित २०-३० स्वतंत्र आकड्यांइतकीच भरेल.

हे पहिल्यांदा नीट पकडलं तेही नाईलवरच. हॅरॉल्ड हर्स्ट नावाचा इंग्रज जलशास्त्रज्ञ १९०६ पासून इजिप्तमध्ये होता. त्याला प्रश्न पडला की ओल्या वर्षांचं पाणी कोरड्या वर्षांसाठी राखायचं तर धरण केवढं हवं. आकडे नुसते यदृच्छ असते तर लागणारी साठवण वर्षांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढायला हवी, म्हणजे घातांक ०.५. हर्स्टने नद्या, पाऊस, झाडांची वलयं, जे मिळेल त्याची मोजणी केली, तर घातांक सरासरी ०.७ च्या पुढे. हे १९५१ साली छापलं. कैरोजवळच्या रोडा बेटावरच्या नाईलमापकाच्या नोंदी इ.स. ६२२ पासूनच्या आहेत, त्यांतही तेच. पुढे मँडेलब्रॉ या गणितज्ञाने याला बायबलमधल्या योसेफचं नाव दिलं: सात वर्षं सुकाळ, सात वर्षं दुष्काळ.

थोडक्यात, नदीला स्मरणशक्ती असते. आणि स्मरणशक्ती असलेल्या कुठल्याही मालिकेचा पन्नास वर्षांचा तुकडा कापला, तर त्यात उतार सापडतोच. काहीही न बदलता.

निवांत_बेडूक (मंगळवार, दुपारी २:०३)

अंकगणिती +१. मी तेच म्हणत आलोय. नद्या कायमच वरखाली होत आल्या. मध्य युरोपात एल्ब नदीच्या पात्रात खडक आहेत, पाणी फार उतरलं की उघडे पडतात. एकावर १६१६ साल आहे आणि लिहिलंय "मला पाहशील तेव्हा रड". १६१६ मध्ये कुठल्या मोटारी होत्या?

जलमापक (मंगळवार, दुपारी ३:३०)

बेडूकराव, तो खडक मलाही आवडतो. पण खडक पातळी सांगतो, विसर्ग नाही, आणि ती पण फक्त सगळ्यात खालची. मधली चांगली वर्षं खडक कुठे लिहितो? शिवाय चारशे वर्षांत त्या नदीचा तळ, बांध, वरची धरणं, सगळं बदललं.

पातळीवरून घोटाळा कसा होतो याचं ताजं उदाहरण. ऑक्टोबर २०१८ मध्ये जर्मनीत ऱ्हाईन नदीवर काऊब गावच्या मोजपट्टीने २५ सेंटिमीटर दाखवले आणि "ऱ्हाईन वीतभर उरली" असं जगभर पसरलं. मोजपट्टीचा शून्य तळाला नसतो हो. जहाजांच्या मार्गात तिथे आणखी मीटरभर पाणी होतं. मालवाहू जहाजांना अर्धवट भरून जावं लागलं हे मात्र खरं.

रेघोट्या (मंगळवार, रात्री ८:५१)

म्हणजे रेघ खोटी, पायरी संशयित, पी-व्हॅल्यू फसवी, मोजपट्टी हललेली. मग नद्यांवर हवामानाचा परिणाम होतोय असं शास्त्रज्ञ म्हणतात ते कशाच्या जोरावर? की कोणालाच काही सांगता येत नाही?

उत्तरवाहिनी (मंगळवार, रात्री १०:२५)

सांगता येतं. पण एका नदीकडे टक लावून नाही. थोडं लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी साधा जमाखर्च. एका पाणलोटात वर्षाला १००० मिलिमीटर पाऊस पडतो असं धरा. त्यातले ७०० जमीन, झाडं आणि ऊन घेऊन जातात. नदीला उरतात ३००. आता पाऊस १० टक्के घटला, ९०० झाला. झाडं आपला हिस्सा १० टक्क्यांनी कमी करत नाहीत, ती फार तर ६७० वर येतील. नदीला उरले २३०. पाऊस दहा टक्के घटला, नदी तेवीस टक्के! नदी म्हणजे शिल्लक. पगार थोडा कापला की घरखर्च तेवढाच राहतो, मार बसतो तो शिल्लकीला. (आकडे समजावण्यापुरते आहेत, पण पावसाच्या दुप्पट-तिप्पट प्रमाणात नदी बदलते हे जगभर दिसतं.) ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य टोकाला पर्थच्या आसपास १९७० च्या दशकापासून पाऊस सुमारे १५-२० टक्के उतरला आणि धरणांत येणारं पाणी निम्म्याहून खाली गेलं.

आता पाऊस तेवढाच ठेवा आणि फक्त तापमान वाढवा. तापलेली हवा पाणी जास्त मागते. घरखर्च ७०० चा ७२० झाला तर नदीचे २० गेले, म्हणजे तिच्या वाट्याचे जवळजवळ सात टक्के. अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीवर हे बारकाईने तपासलं गेलंय. २०२० साली आलेल्या अभ्यासात एका अंशामागे सुमारे ९ टक्के घट निघाली. तिथे भर पडते बर्फाची: पांढरा बर्फ ऊन परतवतो, तो लवकर वितळला की काळी जमीन ऊन पिते आणि बाष्पीभवन वाढतं.

उलटी बाजूही आहे. एक अंश तापलेली हवा सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, ते कुठेतरी पडणारच. आर्क्टिक महासागराला मिळणाऱ्या युरेशियातल्या सहा मोठ्या नद्यांचं पाणी १९३६ ते १९९९ मध्ये सुमारे ७ टक्के वाढलं. म्हणून "नद्या आटतायत" हे वाक्यच चुकीचं आहे. जगातल्या २०० मोठ्या नद्यांच्या १९४८ ते २००४ च्या नोंदी तपासल्या तेव्हा साधारण तिसऱ्या हिश्श्यात ठळक कल सापडला. घटणाऱ्या ४५, वाढणाऱ्या १९. बाकीच्यांत ठामपणे काही म्हणता येईना.

आणि रेघोट्या, तुझ्या आलेखात मुळातच न दिसणारी गोष्ट म्हणजे वेळ. वर्षाची बेरीज तीच, पण पाणी येतं कधी? अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या बर्फावर पोसलेल्या नद्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक ते चार आठवडे आधी फुगायला लागल्या. वार्षिक आकड्यात हे शून्य दिसतं. ऐन उन्हाळ्यात पाणी लागणाऱ्याला मात्र ते लगेच कळतं.

निवांत_बेडूक (मंगळवार, रात्री १०:५८)

छान लिहिलंय, पण अंकगणितींचा मुद्दा तसाच राहिला. हे सगळे कल म्हणजे नदीची स्मरणशक्ती नाही कशावरून? आणि माणूस पाणी उपसतो त्याचं काय? १९९७ मध्ये चीनची पीत नदी मुखाजवळ २२६ दिवस कोरडी होती. मुख्य कारण उपसा. नंतर पाण्याचं वाटप शिस्तीत आणलं, तर नदी पुन्हा समुद्राला जायला लागली. हवामान तेच!

उत्तरवाहिनी (मंगळवार, रात्री ११:३७)

बेडूकराव, पीत नदीचा दाखला चोख आहे. म्हणूनच एकेका नदीवर भांडून निकाल लागत नाही.

दोन गोष्टी केल्या जातात. एक, नदी "नैसर्गिक" करून घेणं: मोजलेल्या विसर्गात उपसा परत मिळवायचा, धरणांच्या साठ्यातला फरक आणि जलाशयांवरचं बाष्पीभवन धरायचं. दोन, जगभराचा नकाशा बघणं. २०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात ७,२५० मापन केंद्रांच्या १९७१ ते २०१० च्या नोंदी घेतल्या. कुठे सुकतंय आणि कुठे ओलं होतंय याचा जो जागतिक नमुना दिसतो, तो संगणकावरच्या प्रतिमानांमध्ये (मॉडेल्समध्ये) कधी उमटतो ते तपासलं. नुसता उपसा आणि जमिनीचा वापर घालून तो येत नाही. माणसाने बदललेलं हवामान घातल्यावर येतो. स्मरणशक्ती एखाद्या नदीला सुकवेल, पण ती इतक्या खंडांवर ठरवून एकाच नकाशात कशी बसेल?

अंकगणिती (बुधवार, सकाळी ७:१८)

हे मान्य. बेडूकराव, तुमचं +१ परत घ्या :) मी म्हणालो होतो की एका मालिकेवरून सिद्ध होत नाही. काहीच घडत नाही असं म्हणालो नव्हतो. उलट स्मरणशक्ती असलेल्या नदीवर तापमानाचा भार पडतो तेव्हा काळजी जास्त, कारण सुरुवातीची वीस वर्षं आपण "कोरडा घोळका आहे, उलटेल" म्हणत बसतो.

प्रवाहपतित (बुधवार, सकाळी १०:०९)

अंकगणिती, यावरचं सगळ्यात महागडं उदाहरण राहिलं.

१९२२ मध्ये कोलोरॅडोच्या पाण्याचा करार झाला. वरच्या आणि खालच्या खोऱ्याला प्रत्येकी ७५ लाख एकर-फूट (एकरभर जमिनीवर फूटभर उभं राहील तेवढं पाणी म्हणजे एक एकर-फूट), मिळून दीड कोटी. वाटणाऱ्यांसमोर जेमतेम दोन दशकांच्या नोंदी होत्या आणि त्यावरून नदीत १.६ कोटीहून जास्त पाणी दिसत होतं. हिशोब बरोबर, फक्त ती वर्षं भलतीच ओली. १९७६ मध्ये झाडांच्या वलयांवरून (ओल्या वर्षी वलय जाड, कोरड्या वर्षी बारीक) काही शतकांचा प्रवाह काढला तर सरासरी आली १.३५ कोटी. आणि २००० नंतरची प्रत्यक्षातली सरासरी त्याच्याही खाली. म्हणजे नदीत नसलेलं पाणी कागदावर वाटलं गेलं, आणि ज्याचा त्याचा हक्क झालं.

आता ब्रह्मपुत्रा बघा, बरोबर आरशातलं चित्र. तिच्याही सातशे वर्षांचा अंदाज वलयांवरून काढलाय (२०२०). ज्या १९५६ ते १९८६ च्या मोजणीवर आपण "नेहमीची ब्रह्मपुत्रा" ठरवतो, ती तीस वर्षं त्या सात शतकांतल्या सगळ्यात कोरड्या काळांपैकी निघाली. म्हणजे पुराचा धोका मुळातच कमी धरला गेला, तापमानवाढ जमेला धरण्याआधीच.

एकीकडे ओली वर्षं मोजून पाणी जास्त वाटलं, दुसरीकडे कोरडी वर्षं मोजून पूर कमी समजला. "या नदीची सरासरी" असं कोणी म्हणालं की मी लगेच विचारतो, कुठल्या वर्षांची?

तुमच्या नाईलवरही हेच आहे. १९५९ च्या इजिप्त-सुदान करारात वर्षाला ८४ घन किलोमीटर धरले: ५५.५ इजिप्तला, १८.५ सुदानला, १० जलाशयावरून उडून जाणार म्हणून. हे ८४ म्हणजे पायरीच्या खालच्या मजल्याची सरासरी. हाच करार १८९० च्या दशकात झाला असता तर ११० वाटले असते.

पाणकावळा (बुधवार, सकाळी १०:३३)

धरणाचा मुद्दा मागे घेतो. लोटीत विहीर मावत नाही.

प्रश्न: हिमनद्या वितळतायत म्हणजे त्या नद्यांना पाणी वाढायला हवं ना?

उत्तरवाहिनी (बुधवार, दुपारी १२:४४)

आधी वाढतं, मग घटतं. मुदतठेव मोडून खाल्ल्यासारखं. काही वर्षं हातात पैसा खुळखुळतो. पेरूतल्या सांता नदीच्या खोऱ्यात तो शिखरबिंदू ओलांडून गेलाय असं मापनं सांगतात. जगातल्या ५६ मोठ्या हिमनदी-खोऱ्यांचा २०१८ मध्ये अभ्यास झाला, त्यात जवळपास निम्म्यांनी ओलांडलेला होता. चढत्या बाजूवरच्या नदीचा तीस वर्षांचा आलेख काढलात तर रेघ छान वर जाईल. अशा रेघेवर विसंबून कालवे काढणं म्हणजे काय ते समजून घ्या. आणि हिमालयातल्या सगळ्या नद्यांना एकाच मापाने मोजू नका: सिंधूला वितळपाण्याचा आधार मोठा, गंगा-ब्रह्मपुत्रेला पावसाचा.

रेघोट्या (बुधवार, दुपारी १:३०)

आणि "शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर"? तोही असाच कुठल्यातरी वर्षांवरून काढलेला?

अंकगणिती (बुधवार, दुपारी २:१५)

हो. शिवाय नावच फसवं आहे. अर्थ एवढाच की दरवर्षी शक्यता १ टक्का. तीस वर्षांत तो निदान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के. आणि हे सुद्धा १ टक्का कायम १ टक्काच राहिला तर. जुन्या वर्षांवरून पुढची काढता येतात हे गृहीतकच मेलं, असं २००८ साली काही जलशास्त्रज्ञांनी जाहीर लिहिलं. मेलंय खरं, पण पूल अजून त्याच्याच सहीने बांधले जातात.

जलमापक (बुधवार, सायंकाळी ६:५०)

एक भर. दुष्काळ संपला, पाऊस पूर्ववत झाला की नदीही परत येते, असं आम्ही नोकरीभर समजत होतो. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात २०१० च्या सुमाराला मोठा दुष्काळ संपला. सात वर्षांनी पाहिलं तर ३७ टक्के पाणलोट परतलेच नव्हते. तेवढ्याच पावसात पूर्वीपेक्षा कमी पाणी. पावसातला जास्त हिस्सा बहुधा झाडं आणि बाष्पीभवनच घेऊन जातंय. त्यातल्या बहुतेक ठिकाणी तर परतण्याचं चिन्हच नाही.

म्हणजे मोजपट्टी हलली नव्हती, वक्ररेषा ठीक होती, आणि तरीही पायरी खरी होती. हे वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होतो.

रेघोट्या (गुरुवार, रात्री ९:२२)

शीर्षक पुसलं. आता आलेखात १८९८ ला रेघ तोडली आहे, दोन मजले वेगळ्या रंगात. बघता बघता १९६४ चा ठिपका दिसला, ११७ घन किलोमीटर, खालच्या मजल्यावर एकदम उंच. वाटलं पुन्हा पायरी, वर जाणारी. पण पुढच्या वर्षांत ७४.६, ७१.८ असे आकडे आहेत. ती पायरी की नुसती उडी? आणि १९७० नंतरचे आकडे कुठे मिळतील? म्हणजे पुढे बघता येईल.

प्रवाहपतित (गुरुवार, रात्री १०:०१)

अस्वानपुरती उडी. पण दक्षिणेकडे खरोखरच पायरी होती: १९६१ ते १९६४ मध्ये व्हिक्टोरिया सरोवर (नाईलच्या दुसऱ्या फाट्याचा उगम) दोन मीटरहून जास्त चढलं आणि पुढे बरीच वर्षं वरच राहिलं. इथिओपियाच्या बाजूच्या घटीखाली ते अस्वानला झाकलं गेलं असणार. एकाच नदीची दोन टोकं वेगळ्या दिशेने चाललेली.

जलमापक (शुक्रवार, सकाळी ६:०५)

१९७० मध्ये अस्वानचं मोठं धरण पुरं झालं. त्यानंतर तिथे खाली मोजलंत तर दरवाजे किती उघडले ते कळेल. नदी हवी असेल तर वर जा, सुदानमध्ये दोंगोलाच्या नोंदी बघ. आणि त्या घेतल्यास की मोजपट्टीचा इतिहास आधी शोध.